मोठ्या भूकंपानंतर वीजपुरवठा पूर्ववत कसा करावा: पहिल्या तासापासून शेवटच्या मीटरपर्यंत

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधलं कोबे शहर भूकंपाने हादरलं आणि सुमारे २६ लाख ग्राहकांची वीज गेली. काही आगी लगेच लागल्या. काही मात्र कित्येक तासांनी, तर काही दिवसांनंतर लागल्या, आणि त्याही वीज नुकतीच परत आलेल्या वस्त्यांमध्ये. उलटून पडलेला हीटर, ढिगाऱ्याखाली दबून सोललेली वायर, फुटलेल्या पाइपातून साचलेला गॅस, आणि त्यात अचानक आलेली वीज. माणसं निवाऱ्यात गेलेली असल्याने ठिणगी विझवायला घरात कोणी नव्हतं. ज्या आगींचं कारण नक्की करता आलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त विजेशी संबंधित निघाल्या.

भूकंपानंतर ‘लाइट कधी येणार?’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो रास्तच आहे. पण स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाने आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: मी हा ब्रेकर (मोठा स्वयंचलित स्विच) टाकला, म्हणजे जोडला, तर पुढे काय काय जिवंत होईल, आणि ते कोणी डोळ्यांनी पाहिलं आहे का? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती रचल्या आहेत. उपकेंद्रातले अभियंते, लाइनवरचे कर्मचारी, आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी आणि रुग्णालयं किंवा मोठ्या इमारतींची विद्युत व्यवस्था सांभाळणारे, या सगळ्यांना त्यात आपापलं काम सापडेल.

पायरी १: पहिल्या तासात काहीही पुन्हा चालू करू नका

सर्वांत आधी बाधित भागातल्या लाइनचं ऑटो-रिक्लोज बंद करा, म्हणजे ट्रिप झालेली (दोषामुळे आपोआप तुटलेली) लाइन आपोआप पुन्हा जोडण्याची सोय. एरवी ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक फॉल्ट (दोष) क्षणिक असतात. फांदी घासते, वीज कडाडते, लाइन ट्रिप होते आणि पुन्हा टाकली की टिकते. भूकंपानंतर हे गणित उलटतं. तुटलेली तार रस्त्यावर, वाहनावर किंवा ढिगारा उपसणाऱ्या माणसांच्या अंगावर पडलेली असू शकते. ‘एकदा टाकून बघू’ ही रोजची सवय अशा वेळी जीव घेते. भार प्रेषण केंद्राने (ग्रिडमधल्या विजेचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राने) स्पष्ट आदेश द्यावा: पाहणी झाल्याशिवाय ट्रिप झालेली कोणतीही लाइन, फीडर (वस्त्यांना वीज देणारी लाइन) किंवा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) चार्ज करायचं नाही, म्हणजे त्यात वीज सोडायची नाही.

मग माणसं मोजा. पाळीवर कोण होतं, कोण कुठे आहे, कोणाशी संपर्क नाही. अनेक कर्मचाऱ्यांची स्वतःची घरं पडलेली असतात. त्यांना घरच्यांची खुशाली कळेपर्यंत त्यांच्याकडून नाजूक स्विचिंग करून घेऊ नये.

नियंत्रण कक्षात पुन्हा शिरण्याआधी इमारत बाहेरून पाहा. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अनेक उपकेंद्रांमध्ये यार्डातली (उघड्या आवारातली) उपकरणं बऱ्यापैकी उभी राहिली, पण नियंत्रण कक्षाच्या इमारती कोसळल्या. पॅनेल, रिले (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी उपकरणं) आणि बॅटऱ्या ढिगाऱ्यात गेल्या की यार्ड धडधाकट असूनही काही उपयोग नसतो. खांबांना तिरके तडे गेले असतील, भिंत चौकटीपासून सुटली असेल किंवा छत झुकलं असेल, तर मीटर वाचायलाही आत जाऊ नका. दूरनियंत्रण शाबूत असेल तर ब्रेकरची स्थिती तिकडून घ्या.

आत जाणं सुरक्षित असेल, तर रिलेचे फ्लॅग (कोणता रिले चालला ते दाखवणाऱ्या खुणा) रीसेट करण्याआधी त्यांचे फोटो काढा. ही पाच मिनिटं पुढचे कित्येक तास वाचवतात. भूकंपात रोहित्रातलं तेल डचमळतं. त्यामुळे बुखोल्झ रिले (रोहित्राच्या तेलातला गॅस किंवा तेलाची उसळी ओळखणारा) किंवा अचानक दाब वाढल्यावर चालणारा रिले आतमध्ये काहीही बिघाड नसताना चालू शकतो. फक्त बुखोल्झ चालला, डिफरन्शियल (रोहित्रात येणारा आणि बाहेर जाणारा करंट ताडून पाहणारा रिले) चालला नाही, रिलेत गॅस साचलेला नाही आणि दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह उघडलेला नाही, तर ती ट्रिप हादऱ्यामुळे असण्याची शक्यता मोठी. डिफरन्शियल आणि बुखोल्झ दोन्ही चालले असतील, तर रोहित्राच्या पोटात खरंच काही घडलंय असं धरून चाला. फ्लॅग आधीच पुसले गेले असतील, तर हा फरक कळायला मार्ग उरत नाही.

यानंतरची गोष्ट डीसी सप्लाय, म्हणजे बॅटरीतून मिळणारी एकाच दिशेने वाहणारी वीज. मुख्य वीज गेल्यावर उपकेंद्राचा मेंदू बॅटरीवर जगतो. डीसी गेली तर ब्रेकर ना उघडता येतो ना टाकता येतो, आणि संरक्षण आंधळं होतं. बॅटरीचे रॅक जमिनीला बांधलेले नसतील तर सेल एकमेकांवर आपटून फुटतात. म्हणून रॅक, सेलमधली गळती, जोडपट्ट्या आणि चार्जर आधी बघा, अनावश्यक डीसी लोड तोडा, आणि बॅटरी उतरायच्या आत चार्जरला छोटा जनरेटर मिळेल अशी सोय लावा. हातात काही तासच असतात. रस्ते बंद असतील तर ते तास झपाट्याने सरतात.

आणि आफ्टरशॉक विसरू नका. जपानच्या कुमामोतोमध्ये १४ एप्रिल २०१६ च्या भूकंपानंतर १६ एप्रिलला त्याहून मोठा भूकंप झाला. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटेच्या महाभूकंपानंतर सुमारे नऊ तासांनी जवळजवळ तेवढाच दुसरा धक्का बसला. म्हणून तडा गेलेल्या पोर्सिलेनखाली (चिनी मातीच्या, वीज अडवणाऱ्या इन्सुलेटरखाली) कोणी उभं राहायचं नाही, प्रत्येक तुकडीची बाहेर पडायची वाट आधी ठरलेली हवी, आणि मोठा धक्का बसला की आधी केलेली पाहणी बाद समजून पुन्हा करायची.

पायरी २: यार्डाची पाहणी

मोठ्या भूकंपात वीजव्यवस्थेची सर्वांत कमकुवत जागा बहुतेक वेळा उच्चदाब उपकेंद्र असते. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात संपूर्ण लॉस एंजेलिस शहर अंधारात गेलं. तिथे मुख्यतः २३० आणि ५०० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रांमधली पोर्सिलेनची उपकरणं मोडली होती. पोर्सिलेन दाब चांगला सोसतं, पण वाकणं त्याला मुळीच सहन होत नाही. व्होल्टेज जितकं जास्त तितका इन्सुलेटर उंच, आणि उंच, वर जड असलेली वस्तू हादऱ्यात जास्त झुलते. म्हणून ३३ किंवा ११ केव्हीचं यार्ड ठीक दिसलं तरी त्यावरून वरच्या व्होल्टेजच्या यार्डाबद्दल अंदाज बांधू नये.

पाहणी कुंपणाबाहेरून सुरू करा आणि नजर आधी वर न्या. लोंबकळणारे कंडक्टर (तारा), तुटून अडकलेले इन्सुलेटर, झुकलेले बसबार (सगळ्या लाइन जिथे जोडल्या जातात त्या सामाईक पट्ट्या) दुर्बिणीतून किंवा ड्रोनमधून दिसतात. वरचं सुरक्षित आहे असं कळल्यावरच आत पाऊल टाका.

रोहित्रापाशी पायापासून सुरुवात करा. अँकर बोल्ट ताणले किंवा तुटले आहेत का? चाकांवर रुळात बसवलेलं रोहित्र सरकलंय का? काही सेंटिमीटर सरकणंही वर जोडलेल्या बुशिंगला (तार रोहित्रात शिरते तिथल्या पोकळ इन्सुलेटरला) ओढून मोडायला पुरेसं असतं. बुशिंगच्या तळाशी, फ्लॅंजपाशी, तेलाचा ओघळ दिसतो का ते पाहा. बुशिंग उभं असलं तरी गॅस्केट सरकलेलं असू शकतं. रेडिएटरचे सांधे, कन्झर्व्हेटरकडे (वरच्या तेलाच्या छोट्या टाकीकडे) जाणारा पाइप, तेलाची पातळी आणि खालचा तेलाचा खड्डा, सगळं पाहा. तेल जमिनीवर पसरलेलं असेल तर पहिलं काम आगीचा धोका काढण्याचं.

ब्रेकरमध्ये प्रकार महत्त्वाचा. ज्यांचा संपर्क-कक्ष उंच पोर्सिलेनच्या खांबावर बसवलेला असतो, ते लाइव्ह टँक ब्रेकर नॉर्थरिजसारख्या भूकंपांत मोठ्या संख्येने मोडले. जमिनीलगतच्या धातूच्या टाकीत कक्ष असलेले डेड टँक ब्रेकर तुलनेने खूप चांगले टिकतात. ब्रेकरमधल्या एसएफ६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) गॅसचा दाब मोजा. दाब कमी असेल तर ब्रेकर चालवू नका, कारण आर्क (संपर्क सुटताना पेटणारी विजेची ज्वाळा) विझवण्याची ताकद त्यात उरलेली नसते. बंदिस्त खोलीतल्या जीआयएसमध्ये (याच गॅसने भरलेल्या बंद धातूच्या आवरणातल्या उपकेंद्रात) गळती असेल तर आधी हवा खेळती करा आणि ऑक्सिजन मोजा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालच्या पातळीत आणि केबलच्या तळघरात साचतो.

आयसोलेटरची (लाइन वेगळी करणाऱ्या स्विचची) पाती सरळ बसतात का, लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या लोळापासून वाचवणारं उपकरण) आणि सीटी-पीटी (करंट आणि व्होल्टेज मोजणारी छोटी रोहित्रं) उभे आहेत का, हे पाहून झाल्यावर दोन उपकरणांमधल्या जोड-कंडक्टरकडे नीट पाहा. त्यात पुरेशी ढील नसेल तर एक उपकरण झुलताना शेजारच्याला ओढतं. अनेकदा एखादं उपकरण स्वतःच्या कमकुवतपणाने न मोडता शेजाऱ्याच्या ओढीने मोडलेलं असतं. फक्त मोडलेलं बदलून ढील तशीच आखूड ठेवली तर पुढच्या आफ्टरशॉकला तेच पुन्हा होईल.

पाहिलेल्या प्रत्येक उपकरणावर रंगीत टॅग लावा: हिरवा म्हणजे चार्ज करता येईल, पिवळा म्हणजे अटीवर, लाल म्हणजे हात लावायचा नाही. पिवळ्या टॅगवर अट शब्दांत लिहा, उदाहरणार्थ ‘फक्त निम्मा लोड, दर तासाला तेलाची पातळी पाहणे’. अट न लिहिलेला पिवळा टॅग पाळी बदलली की हिरवा समजला जातो.

नंतर चाचण्या. सगळ्या रोहित्रांवर सगळ्या चाचण्या करायला वेळ नसतो, म्हणून क्रम लावावा लागतो. इन्सुलेशन रेझिस्टन्स, टर्न्स रेशो आणि वाइंडिंग रेझिस्टन्स या चाचण्या लवकर होतात आणि मोठा बिघाड पकडतात. वाइंडिंग (रोहित्राच्या आतल्या तारेची वेटोळी) जागचं हललंय का हे कळायला स्वीप फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स चाचणी उत्तम, पण तिला तुलनेसाठी जुना आलेख लागतो. तो नसेल तर तिन्ही फेज (पुरवठ्याच्या तीन स्वतंत्र तारांची वाइंडिंग) एकमेकांशी किंवा त्याच बनावटीच्या दुसऱ्या रोहित्राशी ताडून पाहा. तेलाचा नमुना चार्ज करण्याआधी घ्या आणि चार्ज केल्यावर काही तासांनी पुन्हा घ्या. विरघळलेल्या वायूंमध्ये वाढ दिसली तर आत काहीतरी चालू आहे. शंकास्पद रोहित्र पहिल्यांदा चार्ज करताना लोड न जोडता करा, तेव्हा कोणीही जवळ उभं राहू नका, आणि शक्य असेल तर जनित्राच्या साहाय्याने व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवा.

पायरी ३: लाइन आणि केबल

पारेषण मनोरे भूकंपाच्या हादऱ्याने क्वचित पडतात, कारण वारा आणि तार तुटण्याच्या ताणासाठी केलेली रचना हादऱ्यालाही बहुधा पुरते. ते पडतात पायाखालची जमीन गेल्याने. २००८ च्या वेनचुआन भूकंपात डोंगराळ भागातल्या दरडींनी लाइनचे पट्टेच्या पट्टे नेले. त्यामुळे पेट्रोलिंग करताना मनोऱ्याइतकंच वरच्या उताराकडे लक्ष द्या. मनोरा उभा आहे पण मागच्या डोंगराला नवी भेग पडली आहे, तर ती लाइन पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकेल असं धरू नका. तारेची जमिनीपासूनची उंचीही मोजा. पाया थोडासा खचला तरी झोळ वाढतो. पडलेल्या मनोऱ्याच्या जागी दोरखंडांनी ताणून उभे केलेले हलके, सुट्या भागांचे आपत्कालीन मनोरे थोड्या दिवसांत लाइन उभी करू शकतात.

भूमिगत केबल वाऱ्यावादळात सुरक्षित, पण जमीनच वाहू लागली तर तिचे हाल होतात. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात जमिनीचं द्रवीकरण झालं आणि शहराच्या पूर्व भागाला वीज देणाऱ्या ६६ केव्ही केबल अनेक ठिकाणी ताणल्या-तुटल्या. एकाच केबलमध्ये अनेक दोष असले की एक सांधा दुरुस्त करून चाचणी घेईपर्यंत पुढचा दोष समोर येतो. तिथे केबल खणत बसण्याऐवजी तात्पुरती ओव्हरहेड लाइन उभारली गेली. हा निर्णय लवकर घेतला की आठवडे वाचतात. केबल वाचली असं वाटलं तरी आवरणाची चाचणी आणि कमी वारंवारतेची व्होल्टेज चाचणी झाल्याशिवाय तिला भरवशाची मानू नका. ताणलेला सांधा पुढच्या महिन्यांत कधीही दगा देतो.

पायरी ४: आधी कोणाला?

अणुऊर्जा केंद्र असेल तर त्याची बाहेरून येणारी वीज सर्वांत आधी. अणुभट्टी बंद पडली तरी तिच्या इंधनाला सतत थंड करावं लागतं. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइचीला बाहेरून येणारी वीज भूकंपातच तुटली, आणि नंतर त्सुनामीने आपत्कालीन डिझेल जनित्रं बुडवली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

बाकीच्यांसाठी महत्त्वाच्या ठिकाणांची यादी बहुतेकांकडे तयार असते: रुग्णालयं, पाणी उपसा केंद्रं, दूरसंचार, अग्निशमन, सांडपाणी, निवारे. अशी यादी मला अपुरी वाटते, कारण ती महत्त्व सांगते, पण वेळ सांगत नाही. प्रत्येक नावापुढे एक रकाना जोडा: विजेविना हे ठिकाण आणखी किती तास तग धरेल? रुग्णालयाकडे जनरेटर आणि दोन दिवसांचं डिझेल असेल, तर चार तासांच्या बॅटरीवर चालणारा मोबाइल टॉवर किंवा ज्याच्या टाकीवर आख्खी वस्ती अवलंबून आहे तो पंप आधी येऊ शकतो. तेच रुग्णालय डिझेल संपत आल्यावर यादीत सगळ्यांच्या वर जातं. ही यादी दिवसातून दोनदा नव्याने लिहावी लागते.

इंधन पंपही यादीत हवेत. त्यांना वीज नसेल तर टाक्यांत डिझेल असूनही ते काढता येत नाही, आणि मग बाकीच्यांचे जनरेटर बंद पडतात. काही ठिकाणांना ग्रिडची वाट पाहायला न लावता फिरते जनरेटर द्यावेत. कुमामोतोत दरडीने पारेषण लाइन गेल्यावर देशभरातून उच्चदाब जनरेटर ट्रक आले आणि त्यांनी थेट वितरण फीडर चालवले. ट्रक मागवताना व्होल्टेज, फेज-क्रम आणि जोडण्याचं टोक जुळतं का ते आधीच विचारा. ते जुळलं नाही तर ट्रक रस्त्यात नुसता उभा राहतो.

पायरी ५: आख्खं ग्रिड बसलं असेल तर ब्लॅकस्टार्ट (बाहेरच्या विजेविना शून्यापासून सुरुवात)

६ सप्टेंबर २०१८ रोजी पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी जपानच्या होक्काइदो बेटावर भूकंप झाला. बेटाची साधारण निम्मी मागणी तोमातो-आत्सुमा हे एकच औष्णिक केंद्र भागवत होतं. त्याचे दोन संच लगेच बंद पडले. वारंवारता (विजेची दर सेकंदाची आवर्तनं, जी मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की घसरते) कोसळली, लोड आपोआप तोडला गेला, ग्रिड काही मिनिटं सावरलं, मग उरलेला संचही गेला आणि १८ मिनिटांत संपूर्ण बेट अंधारात बुडालं. मुख्य बेटाशी जोडणारी डीसी लाइन होती, पण तिच्या कन्व्हर्टरला चालण्यासाठी दोन्ही बाजूंना जिवंत एसी ग्रिड लागत होतं. ज्या वेळी तिची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वेळी ती निरुपयोगी ठरली. पुनर्बांधणीला सुरुवात झाली एका जलविद्युत केंद्रापासून, आणि जवळजवळ सर्वांना वीज मिळायला सुमारे दोन दिवस लागले. तोमातो-आत्सुमाचे सगळे संच पूर्ववत व्हायला मात्र ऑक्टोबर उजाडला.

औष्णिक केंद्राला स्वतः सुरू होण्यासाठी आधी वीज लागते: पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या. जलविद्युत संचाला झडपा उघडायला आणि उत्तेजन (जनित्राला लागणारं चुंबकत्व) द्यायला थोडीशी वीज पुरते, ती बॅटरी किंवा छोटं डिझेल जनित्र देऊ शकतं. म्हणून सुरुवात बहुधा पाण्यापासून किंवा लहान गॅस टर्बाइनपासून होते. धरणाची आणि पेनस्टॉकची (टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपची) पाहणी मात्र त्याआधी व्हायला हवी. पाण्याचा मार्गच फुटलेला असताना संच सुरू करणं म्हणजे नवी आपत्ती.

क्रम असा. मृत भागातले सगळे ब्रेकर उघडा, म्हणजे कोणता लोड कधी जोडला जातोय यावर तुमचं नियंत्रण राहील. पहिलं जनित्र सुरू करून उपकेंद्राची बस (बसबार) चार्ज करा. तिथून एक छोटा, स्थिर लोड जोडा. मग पुढच्या औष्णिक केंद्रापर्यंत सर्वांत आखूड मार्ग निवडा. लांब, बिनलोडाची उच्चदाब लाइन चार्ज केली की तिच्या कपॅसिटन्समुळे (विद्युत भार साठवण्याच्या गुणामुळे) दूरच्या टोकाचं व्होल्टेज चढतं. ते धोकादायक पातळीला जाऊ नये म्हणून व्होल्टेज खाली आणणारा शंट रिअॅक्टर जोडा, जनित्राचं व्होल्टेज थोडं खाली ठेवा आणि समांतर असलेल्या दोन सर्किटपैकी एकच घ्या. मोठं रोहित्र चार्ज करतानाचा चुंबकीय इनरश करंट (पहिल्या क्षणी उसळणारा मोठा करंट) छोट्या जनित्राला झेपतो का, हे आधी तपासून घ्या. अनेक ब्लॅकस्टार्ट नेमके इथेच कोसळतात.

लोड लहान तुकड्यांत जोडा. चालू जनित्रांच्या क्षमतेच्या साधारण पाच टक्क्यांपेक्षा मोठा तुकडा एकदम टाकू नये, असा जुनाजाणता ठोकताळा आहे. प्रत्येक तुकड्यानंतर वारंवारता स्थिरावू द्या. बराच वेळ बंद असलेला फीडर परत चालू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, कधी दुप्पट-तिप्पट, वीज ओढतो, कारण फ्रिज, पंप, एअर कंडिशनर, हीटर सगळे एकाच वेळी सुरू होतात. ही वाढ काही मिनिटांपासून तासभरही टिकते. बाहेरून दबाव येतो की अमुक भागालाही आत्ताच द्या. त्या क्षणी एक फीडर जास्त घेतला आणि वारंवारता खचली, तर सगळं पुन्हा शून्यावर येतं. स्विचिंग करणाऱ्यापर्यंत असे फोन पोहोचू नयेत, त्यासाठी वेगळा माणूस बसवा.

बेटं, म्हणजे ग्रिडचे स्वतंत्रपणे चालणारे तुकडे, तयार झाली की ती जोडताना सिंक्रोनायझेशनची सोय असलेला ब्रेकरच वापरा. व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा कोन जुळल्याशिवाय जोडणी करू नका.

पायरी ६: तात्पुरत्या जोडण्या आणि त्यांचा छुपा धोका

मोडका ब्रेकर बायपास करणं, एकाच बसवर दोन लाइन घेणं, ट्रेलरवरचं फिरतं उपकेंद्र उभं करणं, अरेस्टरशिवाय काही दिवस चालवणं, हे सगळं करावं लागतं आणि योग्य विचाराने केलं तर ते चालतं. मोठं रोहित्र नव्याने बनून यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं, त्यामुळे जुळवाजुळवीला पर्याय नसतो.

पण संरक्षणाचं काय होतं, याकडे घाईत दुर्लक्ष होतं. रिलेची सेटिंग भरभक्कम ग्रिडसाठी केलेली असतात. मोजकी जनित्रं, लांबून वळसा घालून येणारी वीज अशी परिस्थिती असली की शॉर्टसर्किटचा करंट खूपच कमी भरतो. कधी तो ओव्हरकरंट रिलेला फॉल्ट वाटतच नाही आणि तुटलेली तार जमिनीवर जिवंत राहते. म्हणून बदललेल्या प्रत्येक मांडणीसाठी फॉल्ट करंट पुन्हा काढा, सेटिंग खाली आणा, आणि अर्थ फॉल्टचं (जमिनीकडे गळणाऱ्या विजेचं) संवेदनशील संरक्षण चालू असल्याची खात्री करा. बायपास केलेल्या ब्रेकरच्या जागी मागचा कोणता ब्रेकर ते काम करणार, हे लिहून ठेवा. मूळ सेटिंगही त्याच कागदावर हवी.

पायरी ७: लाइनवरची माणसं

लाइन क्लिअर परमिट (लाइन बंद असल्याचा लेखी परवाना), टेस्टिंग आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तार जमिनीला जोडणं): एरवी जे नियम आहेत ते भूकंपानंतर सैल होत नाहीत, उलट दुप्पट लागू होतात. ‘सगळीकडे अंधार आहे, म्हणजे लाइन मृत आहे’ ही समजूत घातक आहे. एखाद्या घरातला छोटा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय) वायरिंगला जोडला असेल, तर त्याची वीज वितरण रोहित्रातून उलट्या दिशेने जाऊन ११ केव्ही होते आणि खांबावरच्या लाइनमनपर्यंत पोहोचते. प्रत्येक वेळी व्होल्टेज डिटेक्टर लावा, डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारी दांडी) टाका, मगच हात लावा.

बाहेरून आलेल्या तुकड्यांना स्थानिक माहितगार जोडून द्या. त्यांच्याकडे परमिटची पद्धत, फेजचे रंग, अगदी हातवारेही वेगळे असू शकतात, म्हणून कामाआधी एक छोटी बैठक हवी. त्यांच्या राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय बाधितांच्या वाट्यातून न घेता वेगळी करा. सलग काम करणाऱ्याला सक्तीने झोपायला पाठवणं ही वरिष्ठाची जबाबदारी आहे. थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा कळत नाही.

पायरी ८: शेवटचा स्विच, घराचा

उपकेंद्र आणि लाइन सुधारली म्हणून सगळ्या फीडरला एकदम वीज सोडू नका. फीडर छोट्या भागांत तोडा आणि भाग-भाग चालू करा. कोसळलेल्या आणि झुकलेल्या इमारतींचे सर्व्हिस वायर खांबावरूनच तोडा. शोध-बचावाचं काम चालू असेल तिथे बचाव पथकाच्या प्रमुखाने लेखी होकार दिल्याशिवाय वीज सोडू नये. गॅस पुरवणाऱ्यांशी बोलून गळती नसल्याची खात्री करा. गॅस आणि वीज एकाच दिवशी परत आणण्याची घाई टाळा.

वीज सोडण्याआधी त्या भागात ध्वनिक्षेपकाने, संदेशाने, निवाऱ्यातल्या फळ्यावर वेळ जाहीर करा. सूचना एवढीच पुरे: मेन स्विच बंद ठेवा, घरी जाऊन पाहणी करा, मगच चालू करा. रिकाम्या घरांचं काय, हा खरा प्रश्न आहे. तिथे दोघांची तुकडी दारोदार जाऊन मीटरपाशी पुरवठा तोडते आणि दारावर चिठ्ठी लावते. हे काम वेळखाऊ आहे, पण कोबेनंतर त्याला फाटा देण्याचं कोणतंही कारण उरलेलं नाही. वीज सोडल्यावर पहिले काही तास त्या भागात गस्त आणि अग्निशमनाची गाडी ठेवा, कारण धूर दिसायला वेळ लागतो.

घरात राहणाऱ्यांनी काय करायचं, तेही स्पष्ट सांगायला हवं. भूकंपानंतर घर सोडताना मेन स्विच बंद करा. तो हात पोचण्याजोगा नसेल किंवा जमीन ओली असेल तर हात लावू नका, कर्मचाऱ्यांना कळवा. परत आल्यावर आधी गॅसचा वास येतो का बघा. वास आला तर कोणताही स्विच चालूही करू नका, बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा. वास नसेल तर सगळी उपकरणं प्लगमधून काढा. पडलेले हीटर, इस्त्री, फुटलेले दिवे, चेपलेल्या वायरी आणि पाणी शिरलेले प्लगपॉइंट शोधा. मग सगळे एमसीबी (घरातल्या प्रत्येक सर्किटचे छोटे ब्रेकर) बंद ठेवून मेन चालू करा आणि एमसीबी एकेक करून वर करा. एखादा लगेच पडला, किंवा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) ट्रिप झाला, तर तो बंदच राहू द्या आणि त्या खोलीची वायरिंग तपासून घ्या. वरचेवर ट्रिप होतो म्हणून आरसीसीबी बायपास करू नका. जळका वास, तडतड, गरम झालेली भिंत जाणवली की मेन बंद.

जोराच्या हादऱ्यात मेन आपोआप बंद करणारे ब्रेकर जपानमध्ये घरांसाठी मिळतात. त्यांत थोड्या वेळाने बंद होणारे घ्यावेत, म्हणजे रात्री बाहेर पडेपर्यंत दिवा राहतो. घरी श्वसनयंत्रासारखं जीवरक्षक उपकरण असेल तर त्याला स्वतंत्र बॅटरी आधी हवी.

छतावरच्या सौर पॅनेलना मेन बंद केला तरी सूर्य कळतो. ऊन असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरी जिवंत असतात. ढिगाऱ्यात पडलेली, फुटलेली पॅनेल कोरड्या इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय हाताळू नका, ती जाड कापडाने झाका किंवा पालथी घाला. आदळलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी काही तासांनीसुद्धा पेटू शकते, तिला इमारतीबाहेर मोकळ्या जागी न्यायला जाणकारालाच बोलवा. आणि पोर्टेबल जनरेटर कधीही घरात, गॅलरीत किंवा बंद जिन्याखाली चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ९: दिवे लागल्यानंतरचे महिने

दिवे लागले की बैठका थांबतात आणि जुळवाजुळव तशीच राहून जाते. २७ फेब्रुवारी २०१० च्या चिलीतल्या भूकंपानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १४ मार्चला, एका मोठ्या रोहित्राच्या बिघाडाने देशाचा बहुतांश भाग पुन्हा अंधारात गेला. जखमी ग्रिडमध्ये एका बिघाडाला पेलण्याइतकं राखीव बळ नसतं. म्हणून प्रत्येक तात्पुरत्या जोडणीची नोंद एकाच वहीत ठेवा: जागा, तारीख, कोणी केली, कोणती मर्यादा, मूळ सेटिंग काय, कधी काढणार. दर आठवड्याला ती वही उघडा. पिवळ्या टॅगच्या रोहित्रांचं तेल नियमित तपासा, केबलच्या सांध्यांवर उष्णता-कॅमेरा फिरवा.

दुरुस्ती करतानाच पुढच्या भूकंपाची तयारी होते, कारण सगळं उघडलेलं असतं आणि पैसाही मंजूर असतो. पोर्सिलेनच्या जागी शक्य तिथे पॉलिमर इन्सुलेटर बसवा. जोड-कंडक्टरला ढील द्या. चाकांवरची रोहित्रं पायाला पक्की बांधा, बॅटरीच्या रॅकला तिरके आधार द्या, रिले पॅनेल वरूनही भिंतीला जखडा. क्राइस्टचर्चच्या वितरण कंपनीने १९९० च्या दशकापासून उपकेंद्रांच्या विटांच्या इमारती टप्प्याटप्प्याने मजबूत केल्या होत्या. २०११ मध्ये त्या उभ्या राहिल्यामुळे तिची खरी झुंज जमिनीखालच्या केबलींपुरती राहिली. बोल्ट, आधारपट्टे, ढील: यांतलं काहीही महाग नाही, आणि यांतलं प्रत्येक काम एका नियोजित बंदच्या काळात उरकता येतं. नव्या कामाच्या प्रत्येक आदेशात या तीन ओळी आधीच छापून ठेवाव्यात, म्हणजे ठेकेदाराला वेगळं सांगायला लागणार नाही.